जर्सीवरचं नाव नक्की कोणासाठी असतं?

(हे एपिसोडचं लेखी रूप आहे. ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये, बसमध्ये वाचून काढा. बोलतानाचे 'तर' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. इटलीतल्या फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगला सेरिए ए म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. युव्हेंटस, इंटर, मिलान वगैरे. मग तिच्या खालच्या लीगचं नाव काय?

सेरिए बी म्हणालात तर अर्धे मार्क. २०१८ पासून तिचं अधिकृत नाव आहे 'सेरिए बीकेटी'. आणि बीकेटी म्हणजे बालकृष्ण इंडस्ट्रीज, आपल्या मुंबईची कंपनी. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत यांचा टायरचा कारखाना आहे. तिथून जाताना तुम्ही कदाचित बोर्डही पाहिला असेल. फ्रान्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या नावातही २०२० पासून बीकेटी आलं. स्पेनच्या ला लिगाशीही त्यांचा करार झाला.

आता तुम्ही म्हणाल, टायर कंपनी आहे, मग गाडीला कधी बीकेटीचं टायर का दिसलं नाही? कारण त्यांचा मुख्य धंदा कारच्या टायरचा नाही. ट्रॅक्टर, शेतीची यंत्रं, खाणीतले अवजड डंपर, जेसीबी, असल्या वाहनांचे टायर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा परदेशात विकतात. मग वाळूजमध्ये टायर बनवणाऱ्या कंपनीला इटलीच्या फुटबॉलमध्ये काय रस? आणि उलट बाजूने विचारायचं तर, लंडनच्या एखाद्या क्लबच्या बाहीवर आफ्रिकेतल्या देशाचं नाव कशाला? लिव्हरपूलच्या छातीवर एका बँकेचं नाव का, जिच्याकडे लिव्हरपूलमधला साधा माणूस खातं उघडायला जात नाही?

आजचा एपिसोड याच विषयावर. एका देशातला धंदा आणि दुसऱ्या देशातला फुटबॉल क्लब यांची सोयरीक का जुळते, पैसे कशाचे मोजतात, कुठे बिनसतं आणि या सगळ्यात तुम्ही-मी नेमके कुठे बसतो.

आधी कमानीचं गणित

स्पॉन्सरशिप समजून घ्यायला मॅनेजमेंटचं पुस्तक लागत नाही. गल्लीतलं गणपती मंडळ आठवा. रस्त्यावर कमान उभी राहते. वर बाप्पाचा फोटो, बाजूला 'सौजन्य' म्हणून सराफाचं नाव, खाली बिल्डरचं, कोपऱ्यात मिसळवाल्याचं. आता सराफाने पैसे बाप्पाला दिले का? भक्ती असेलही त्याची, नाही म्हणत नाही. पण दहा दिवस त्या कमानीखालून जी गर्दी जाते, तिचे पैसे त्याने दिलेत. मंडळाकडे गर्दी आहे, सराफाकडे पैसे आहेत. मंडळ गर्दीची नजर विकतं.

फुटबॉल क्लबचंही तेच. फक्त कमानीखालून जाणारी गर्दी जगभर पसरलेली आहे, आणि त्या गर्दीत शनिवारी रात्री जागून मॅच बघणारे तुम्हीही आहात.

हे कधी सुरू झालं? १९७३ मध्ये जर्मनीच्या आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबच्या जर्सीवर येगरमाइस्टर या दारूच्या ब्रँडचं हरीण आलं. जर्मनीच्या मोठ्या लीगमधलं ते पहिलं उदाहरण. जाहिरातीला परवानगी मिळेना, म्हणून क्लबने थेट आपलं बोधचिन्हच बदलून त्या जागी हरीण आणलं! जुगाड फक्त आपल्याकडेच असतो असं नाही.

इंग्लंडमध्ये १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर नाव आलं हिताची. म्हणजे तिथल्या मोठ्या क्लबने पहिल्यांदा छाती भाड्याने दिली तीच एका जपानी कंपनीला. पाठोपाठ आर्सेनलवर जेव्हीसी, मँचेस्टर युनायटेडवर शार्प. सगळ्या जपानी, सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या. योगायोग अजिबात नाही. जपानी टीव्ही आणि व्हिडिओ रेकॉर्डर तेव्हा युरोपातल्या घराघरात शिरायचा प्रयत्न करत होते. नाव परकं होतं. मग ज्या शर्टावर लोकांचा आधीपासून जीव आहे, त्यावर आपलं नाव शिवून टाकायचं. गंमत म्हणजे सुरुवातीची काही वर्षं ब्रिटिश टीव्ही मॅच दाखवताना असे शर्ट चालवून घेत नसे. ते १९८३ पर्यंत चाललं.

या इतिहासातून एक सूत्र मिळतं. जर्सीवरचं नाव बघितलं की त्या काळात कोणता देश कोणाला काय विकायला निघाला होता ते कळतं.

पैसे नेमके कशाचे?

लोकांना वाटतं, लोगो छापला की झालं. करारात त्यापेक्षा बरंच काही असतं.

पहिलं, जागा. छाती सगळ्यात महाग. मग बाही. प्रीमियर लीगने बाहीवर स्पॉन्सर लावायला २०१७-१८ च्या सीझनपासून परवानगी दिली. मग सरावाचे कपडे, मग स्टेडियमचं नाव. आर्सेनलच्या मैदानाला एमिरेट्स म्हणतात ते दुबईच्या विमान कंपनीवरून. पॉडकास्ट ऐकता ते स्पॉटिफाय ॲप आहे ना, त्या स्वीडिश कंपनीचं नाव २०२२ पासून बार्सिलोनाच्या छातीवर आहे आणि त्यांच्या स्टेडियमच्या नावातही.

दुसरं, मक्तेदारी. तुम्ही टायरवाले असाल तर त्या क्लबकडे दुसरा टायरवाला येणार नाही, ही हमी. म्हणून तर क्लब धंद्यांचे बारीक बारीक तुकडे पाडतात. मँचेस्टर युनायटेड यात उस्ताद. त्यांच्याकडे मलेशियाच्या मिस्टर पोटॅटोसारखा वेफर्सवाला अधिकृत पार्टनर होता आणि जपानच्या निस्सिनसारखा 'अधिकृत नूडल्स पार्टनर'सुद्धा. हसू येतं खरं, पण बघा, एकच क्लब एका देशात वेफर्सवाल्याला आणि दुसऱ्या देशात मोबाइल कंपनीला विकता येतो. आपल्याकडच्या एअरटेलनेही २००९ मध्ये युनायटेडशी असा करार केला होता.

तिसरं, वापरायचे हक्क. क्लबचं चिन्ह पोस्टरवर छापायचं, ठरावीक खेळाडूंना घेऊन जाहिरात करायची, मोठ्या गिऱ्हाइकांना मॅचला नेऊन बसवायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बीकेटीचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखा रस्त्यावरचा माणूस नाही. ट्रॅक्टर बनवणारी कंपनी आणि टायरचे डीलर हे त्यांचं गिऱ्हाईक. आणि सेरिए बी खेळते कुठे? रोम, मिलानपेक्षा छोट्या शहरांत. बीकेटी आली त्या पहिल्या सीझनमध्ये क्रेमोना होतं, ते दूधदुभत्याचं; फोज्जा होतं, ते गव्हाच्या मैदानातलं. तिथल्या स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाच्या घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर असण्याची शक्यता मिलानपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या मते तरी, मोठ्या क्लबच्या बाहीवर चिमूटभर जागा घेण्यापेक्षा अख्ख्या लीगला आपलं नाव देणं, हा हुशारीचा सौदा होता.

आणि हे हक्क नुसते घेऊन भागत नाही. या धंद्यातले लोक सांगतात, हक्कासाठी जेवढे मोजले जवळजवळ तेवढेच पुन्हा ते वापरायला खर्च करावे लागतात. लग्नाचा हॉल बुक केला आणि जेवणाचे पैसेच ठेवले नाहीत, तर काय होईल? तसं.

लग्न का जुळतं: चार कारणं

पहिलं कारण: गर्दी माझ्या देशात आहे. स्टँडर्ड चार्टर्ड बँक घ्या. मुख्यालय लंडनला, पण कमाई मुख्यतः आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेत. मुंबईत या बँकेची शाखा १८५८ पासून आहे. लिव्हरपूलच्या छातीवर हे नाव २०१० मध्ये आलं. लिव्हरपूल शहरातल्या लोकांसाठी ते नाहीच. ते सिंगापूर, हाँगकाँग, नैरोबी, मुंबईत बसलेल्या चाहत्यांसाठी आहे. क्लब इंग्लंडचा, बँक इंग्लंडची, पण जाहिरात आपल्यासाठी.

दुसरं कारण: त्यांच्या देशात मला कोणी ओळखत नाही. अपोलो टायर्सचं उदाहरण. भारतात नाव मोठं. २००९ मध्ये त्यांनी नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली, पुढे हंगेरीत कारखाना टाकला. पण युरोपातल्या गिऱ्हाइकाला भारतीय टायरवर भरवसा कसा वाटणार? २०१३ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडशी हात मिळवला. भरवसा उसना घेतला म्हणा ना. गावात नवा आलेला माणूस आधी पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसतो, मग लोक विचारतात, कोण पाहुणे? तसंच. तेच अपोलो २०२५ च्या सप्टेंबरपासून आपल्या क्रिकेट टीमच्या जर्सीवर आहे.

तिसरं कारण: माझी वेगवेगळी नावं एका छताखाली आणायची आहेत. राकुतेन ही जपानची ऑनलाइन बाजार कंपनी. त्यांनी व्हायबर घेतलं, कोबो हे ई-बुकवालं घेतलं, स्पेनमधली व्हिडिओ कंपनी घेतली. पण राकुतेन हे नाव जपानबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. २०१७ पासून वर्षाला ५.५ कोटी युरो देऊन ते बार्सिलोनाच्या छातीवर आले. ज्या कंपनीने आपल्या जपानी कर्मचाऱ्यांना ऑफिसात इंग्रजीत बोलायला लावलं होतं, तिला बाहेरच्या जगात जायची किती घाई होती बघा. त्यांचा स्वतःचा क्लबही आहे, व्हिसेल कोबे. २०१८ मध्ये बार्सिलोनाचा इनिएस्ता तिथेच खेळायला गेला. करार कागदावर असतो, ओळखीपाळखी बरंच पुढे नेतात.

चौथं कारण: मला टायर, मोबाइल काही विकायचं नाही, माझ्या देशाची ओळख बदलायची आहे. कतार, अबुधाबी, रवांडा. रवांडाने २०१८ मध्ये आर्सेनलच्या बाहीवर 'व्हिजिट रवांडा' लिहून घेतलं. तीन वर्षांचे सुमारे ३ कोटी पौंड, असे आकडे माध्यमांत आले. रवांडात जंगलातला गोरिला जवळून बघायचा तर एका परदेशी माणसाला परवान्याचे १,५०० डॉलर पडतात. मी गणित मांडून बघितलं. वर्षाचे १ कोटी पौंड नुसत्या परवान्यांतून काढायचे तर तेव्हाच्या भावाने साधारण ९ हजार परवाने विकावे लागतील. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या बजेट ट्रिपवाल्यांसाठी ती जाहिरात नाही. खिसा जड असलेल्या पर्यटकांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी आहे.

पण इथेच पेच येतो. देश जाहिरात करतो तेव्हा त्याचं राजकारणही बाहीवर चढतं. पूर्व काँगोत एम-२३ या बंडखोर गटाला रवांडाची मदत आहे, हा आरोप आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आर्सेनल, पॅरिस आणि बायर्न म्युनिक या तिन्ही क्लबांना पत्र लिहून हे करार मोडायला सांगितलं. बायर्नने आपल्या कराराचं स्वरूप बदललं. आर्सेनलने करार २०२६ च्या जूनमध्ये संपेल असं जाहीर केलं. बाहीवरचे दोन शब्द किती लांबपर्यंत जातात बघा.

तळेगावची गोष्ट

आता माझं सगळ्यात आवडतं, खरंतर सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण.

२०१२ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले या आपल्या ब्रँडसाठी मँचेस्टर युनायटेडशी करार केला. सात वर्षांचे ५५.९ कोटी डॉलर. त्या वेळचा डोळे फिरवणारा आकडा. करार जाहीर झाला त्याच सुमारास कंपनीच्या जागतिक मार्केटिंग प्रमुखांना पद सोडावं लागलं. नाव जर्सीवर यायचं होतं २०१४ पासून. आणि मधल्या काळात, २०१३ च्या डिसेंबरमध्ये, कंपनीने ठरवलं की शेव्हरोले युरोपात विकायचीच नाही!

म्हणजे मँचेस्टरच्या पोराने शर्ट बघून म्हटलं, बाबा आपण ही गाडी घेऊ, तर शोरूमच नाही. कंपनीचं म्हणणं असं की आमची नजर आशियावर आहे. चला, मान्य. आशियात आपणही येतो. आपल्या पुण्याजवळ तळेगावला २००८ पासून त्यांचा कारखाना होता. बीट, स्पार्क या गाड्या रस्त्यावर दिसायच्या. पण २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्रीही बंद केली. तळेगावात त्यानंतर निर्यातीपुरत्या गाड्या बनत राहिल्या आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तेही थांबलं. कामगारांची लढाई कोर्टात गेली. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

आणि शर्टावर शेव्हरोले कधीपर्यंत? २०२१ पर्यंत. तळेगावच्या लाइनवरचा एखादा युनायटेडचा चाहता डोळ्यांसमोर आणा. नोकरी गेली, पण रात्री मॅच लावली की छातीवर तेच पिवळं चिन्ह. स्पॉन्सरशिपचा पैसा कंपनीच्या तब्येतीचं सर्टिफिकेट नसतो, हे यातून लक्षात ठेवायचं. कमानीवर नाव मोठं आहे म्हणून दुकान चालतंच असं नाही.

संस्कृतीचा खडा कुठे लागतो

दोन संस्कृती एकत्र आल्या की एकाचं शुभ ते दुसऱ्याला खुपू शकतं. तीन छोटी उदाहरणं.

२००६ मध्ये सेव्हियाच्या जर्सीवर बेटिंग साइटचं नाव आलं. फ्रेडरिक कनुते हा त्यांचा स्ट्रायकर, मुस्लिम. जुगाराची जाहिरात अंगावर नको म्हणून तो लोगो नसलेला शर्ट घालून उतरला. क्रिकेटवाल्यांना हाशिम आमला आठवेल. बिअरचा लोगो त्याच्या शर्टावर कधी नसायचा.

२०१४ मध्ये अबुधाबीच्या एका बँकेने रियल माद्रिदच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढलं. त्या कार्डावरच्या क्लबच्या चिन्हात मुकुटावरचा छोटा क्रॉस नव्हता. आखाती देशात बँकेला तो अडचणीचा वाटेल, म्हणून काढला. माद्रिदमध्ये मात्र लोकांनी विचारलं, पैशासाठी चिन्ह बदलता?

तिसरं कार्डिफचं. वेल्सचा हा क्लब, टोपणनाव 'ब्लूबर्ड्स'. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी निळ्याची लाल केली. आशियात लाल रंग शुभ, त्यामुळे तिकडे क्लब वाढेल, हा विचार. निळ्या पाखरांना लाल केल्यावर काय होणार? चाहते पेटले आणि २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. कोल्हापुरात पाटाकडीलच्या किंवा खंडोबाच्या पोरांना उद्या कोणी सांगितलं, पैसे देतो, जर्सीचा रंग बदला, तर काय होईल याचा विचार करा. शाहू स्टेडियम डोक्यावर घेतील.

यातून मला एकच कळतं. क्लबच्या अंगावर आपलं नाव लावायला लोक चालवून घेतात. क्लबचं अंगच बदलायला गेलात की नाही.

पुण्याचे दोन धडे

परदेशी क्लब आणि पुणे म्हटलं की जुन्या लोकांना एकच नाव आठवतं, व्यंकीज. कोंबडीचा धंदा करणाऱ्या पुण्याच्या या समूहाने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. स्पॉन्सर नाही, थेट मालक. खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात काढली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये संघ पुण्यात बालेवाडीला येऊन मैत्रीपूर्ण सामनाही खेळला. ब्रँडच्या हिशेबाने सगळं बरोबर. पण मैदानावर संघ हरत गेला. २०१२ च्या मे महिन्यात विगनविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि त्याच सामन्यात ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. स्पॉन्सरचा करार फसला तर तो सोडून जातो. मालकाला मात्र तसं जाता येत नाही. लोकांचा राग त्याच्या नावावर जमा होत राहतो.

दुसरा धडा उलट दिशेचा. पुण्याच्या डीएसके समूहाने लिव्हरपूलशी हात मिळवून पुण्याजवळ निवासी फुटबॉल अकॅडमी काढली. डीएसके शिवाजियन्स संघ आय-लीगमध्ये उतरला. इंग्लंडच्या क्लबचं नाव, तिथली प्रशिक्षणाची पद्धत, आपली पोरं. स्वप्न मोठं होतं. २०१६-१७ हा त्या संघाचा आय-लीगमधला शेवटचा सीझन ठरला, मालक समूह आर्थिक अडचणीत गेला. लिव्हरपूल लिव्हरपूलच राहिला. मधल्यामध्ये अडकली ती तिथे शिकणारी पोरं. म्हणून कोणी 'परदेशी क्लबसोबत अकॅडमी' असं पोस्टर दाखवलं तर आई-वडिलांनी क्लबच्या नावाआधी एक गोष्ट विचारावी: पैसे कोण देणार, आणि तो अडचणीत आला तर काय?

आणि आता बेटिंग

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

गेली काही वर्षं प्रीमियर लीगच्या बऱ्याच क्लबांच्या छातीवर बेटिंग कंपन्या दिसतात. काहींची नावं तर चिनी अक्षरांत. आता चीनच्या मुख्य भूमीवर असला सट्टा बेकायदा. तिथे थेट जाहिरात करता येत नाही. पण इंग्लंडची मॅच तिथे दिसते ना! जो माल तुमच्या देशात दाखवायची परवानगी नाही, तो दुसऱ्या देशातल्या खेळाडूच्या छातीवरून तुमच्या घरात येतो. थायलंडमध्ये दारूच्या जाहिरातींवर २००८ पासून कडक बंधनं आहेत, पण परदेशातून येणाऱ्या प्रक्षेपणातल्या जाहिराती त्यातून सुटतात. थायलंडचीच चांग बिअर २००४ ते २०१७ एव्हर्टनच्या छातीवर होती. चांग म्हणजे थाई भाषेत हत्ती. हत्ती मागच्या दाराने घरात आला म्हणायचं.

आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. त्यामुळेच ड्रीम इलेव्हन क्रिकेट टीमच्या जर्सीवरून गेलं आणि अपोलोला जागा मिळाली. पण शनिवारी रात्री मोबाइलवर मॅच लावली की बेटिंगचं नाव ९० मिनिटं डोळ्यांसमोर फिरतंच. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ च्या सीझननंतर छातीवर बेटिंग नको. चांगलं आहे. पण हा निर्णय फक्त छातीपुरता. बाही आणि मैदानाभोवतीचे बोर्ड त्यात नाहीत.

यातली एक गोष्ट मला फार टोचते. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या मापाच्या जर्सीवर बेटिंगचा लोगो छापायचा नाही, असा त्या उद्योगाचाच नियम आहे. क्लबच्या दुकानात दहा वर्षांच्या पोराचा शर्ट बिनलोगोचा मिळतो. आणि आपल्याकडे? पुण्यात कॅम्पात, मुंबईत फॅशन स्ट्रीटला ज्या नकली जर्सी लटकत असतात, त्या मोठ्यांच्या शर्टाच्या नकला. माप लहान केलेलं, लोगो तसाच. तिकडच्या पोराला ज्यापासून वाचवलं, ते इकडचं पोर तीन-चारशे रुपये मोजून अंगात घालतं, आणि वर ट्यूशनला जातं. बेटिंग कंपनीला ही जाहिरात फुकटात.

कोणाला दोष द्यायला मी हे सांगत नाही. क्लबला पैसे लागतात. त्या पैशांतून महिला संघ चालतात, अकॅडम्या चालतात, तुमचा आवडता मिडफिल्डर येतो. बार्सिलोनाने तर २००६ मध्ये उलटं केलं होतं. छातीवर युनिसेफचं नाव लावलं आणि वर युनिसेफलाच वर्षाला १५ लाख युरो दिले. पण पाच वर्षांत त्याच छातीवर कतार फाउंडेशन आलं, वर्षाला ३ कोटी युरोंना. मोठ्या क्लबांनाही मोह सुटत नाही.

जर्सी वाचायची कशी

तर पुढच्या मॅचला किंवा नवी जर्सी घेताना चार प्रश्न विचारून बघा.

एक, ही कंपनी नक्की काय विकते? नाव वाचून कळत नसेल तर दोन मिनिटं शोधा.

दोन, ते कुठे विकते? क्लबच्या शहरात विकत नसेल तर ती जाहिरात बहुतेक तुमच्यासाठीच आहे.

तीन, तो माल माझ्या देशात उघडपणे दाखवता आला असता का? नसता, तर तो तुमच्यापर्यंत आडवाटेने आलाय.

चार, करार संपल्यावर मागे काय उरेल? कारखाना, मैदान, शिकलेली पोरं, की नुसता जुना शर्ट?

क्लबवर प्रेम करायला कोणाची परवानगी लागत नाही. मीही करतो. पण आपल्या प्रेमाला बाजारात भाव आहे आणि तो भाव कोणीतरी दुसरा घेतोय, हे माहीत असलेलं बरं. कमानीखालून जाताना बाप्पाला हात जोडा, पण सौजन्य कोणाचं तेही वाचा.

तुमच्या कपाटात कोणत्या जर्सी आहेत, त्यांवर कोणाची नावं आहेत आणि वरच्या चार प्रश्नांची काय उत्तरं आली ते मला कळवा. मजेशीर उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. तोपर्यंत मॅच बघा, झोपही काढा. भेटूच!